दट्ट्याच्या मशीनची शिकवणी

सरांना दम लागतो हे सगळ्यांत आधी कळलं ते डॉक्टरांना नाही, शंकासुराला. शंकासुर ही सरांच्या वर्गातली नऊ वर्षांची मुलगी. तिला दर दोन मिनिटांनी एक शंका येते म्हणून तिला हे नाव पडलं आणि तिला ते मनापासून आवडतं. एके दिवशी गच्चीवरच्या खोलीत, भर वर्गात, तिनं हात वर केला.

"सर, तुम्ही रोज तिसऱ्या मजल्यावरचे विजेचे मीटर का वाचता?"

"आकडे वाचायची सवय ठेवावी माणसानं," सर म्हणाले.

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला उत्तर चुकलं की ते आपोआप कळतं. हे उत्तर चुकलं होतं. शंकासुरालाही ते कळलं होतं, पण तिनं दयाबुद्धीनं पुढची शंका काढली नाही.

खरी गोष्ट अशी होती. सर राहायचे पहिल्या मजल्यावर. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत ते अकरा मुलांना गणित शिकवायचे. फी वगैरे काही नाही. त्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी स्वतः काळी रंगवली होती; एवढा मोठा फळा त्यांना शाळेतही कधी मिळाला नव्हता. इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत अठरा-अठराचे चार जिने, म्हणजे बहात्तर पायऱ्या. आधी त्या एका दमात व्हायच्या. मग दुसऱ्या मजल्यावर चपलेचा पट्टा सैल व्हायला लागला. मग तिसऱ्यावरचे मीटर वाचावेसे वाटायला लागले. आणि गेल्या महिन्यात तर नऊ दिवस सर वर पोचलेच नाहीत. "आज घरीच बसू," असं म्हणून त्यांनी मुलांना स्वयंपाकघरात बसवून पाहिलं, पण तिथे फळा म्हणून फ्रिजचं दार वापरावं लागायचं आणि सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मधेच दूध लागायचं. त्रिकोण अर्धाच राहायचा.

या नऊ खाड्यांची नोंद एका माणसानं बरोबर ठेवली होती. ते म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं पत्र आलं: "गच्चीवरील खोलीचा नियमित वापर होत नसल्याचे निदर्शनास आले आहे. तीस तारखेस सायंकाळी पाच वाजता प्रत्यक्ष पाहणी करून खोली सोसायटीचे जुने दप्तर व रंगाचे डबे ठेवण्यासाठी घेण्याबाबत निर्णय होईल."

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ते तळमजल्यावर, बरोबर सरांच्या खाली राहायचे आणि गेली आठ वर्षं ते दप्तर आणि ते डबे त्यांच्याच बाल्कनीत होते. त्यांच्या बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं की आता एक तर डबे राहतील, नाहीतर ती.

सर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, गुडघे वाकवून पाहिले.

"हृदय उत्तम आहे. गुडघे वयाच्या मानानं सभ्य आहेत. नुसता दम कमी पडतोय. पळायचं मात्र नाही. घरी एक रोइंग मशीन आणा."

"म्हणजे?"

"बसल्या बसल्या वल्ही मारायची. नाव नाही, नदी नाही. पाय, पाठ, हात, सगळ्यांना काम."

सरांना ही कल्पना आवडली. बसून करायचा व्यायाम हा त्यांना आजवरच्या वैद्यकीय प्रगतीतला सर्वांत मोठा टप्पा वाटला.

घरच्या मागच्या खोलीत त्यांची व्यायामशाळा तशी आधीपासून होती. मुलानं पाठवलेले दोन डंबेल्स होते. त्यातला एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून कामाला लावलेला. एक रबरी पट्टा होता. त्यानं रद्दीचा गठ्ठा बांधलेला. उरलेल्या जागेत काकूंचं शिलाई मशीन, कापडांचे ढीग आणि कपडे शिवायला येणाऱ्या बायकांसाठी एक उभा आरसा.

"अहो, आठ फुटी होडी इथे कुठे ठेवणार?" काकू म्हणाल्या.

"होडी नाही ती. आणि अंदाजानं बोलू नये. मोजावं."

सरांनी खडू आणला आणि खोलीच्या फरशीवर पूर्ण मापाचं रोइंग मशीन काढलं. लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट, मधे सरकणारी बैठक, पुढे पाय अडकवायच्या जागा. चित्र इतकं सुबक आलं की काकूंनीही दोन दिवस तिथली फरशी पुसली नाही. पण चित्रानं सरांचं समाधान होईना. मशीन मावतं, पण माणूस मावतो का? म्हणून त्यांनी खिडकीच्या गजाला कापड वाळत घालायची दोरी बांधली, एक जुनी उशी बैठकीच्या जागी ठेवली, तिच्यावर बसले आणि पाय रेटून दोरी ओढली.

फरशी नुकतीच बसवलेली आणि गुळगुळीत होती. उशीनं अपेक्षेपेक्षा फारच चांगलं काम केलं. सर मागे गेले, शिलाई मशीनच्या खाली शिरले आणि तिथेच राहिले, कारण डोकं मशीनच्या पलीकडे गेलं होतं आणि खांदे पायानं चालवायच्या पेडलपाशी अडकले होते. नेमक्या त्याच वेळी समोरच्या घरातल्या बँकवाल्यांची बायको ब्लाउजचं माप द्यायला आत आली.

"सर काय शोधताय?" तिनं विचारलं.

"बॉबिन," काकू शांतपणे म्हणाल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात माणूस असं तयार होतं.

संध्याकाळी स्वतः बँकवाले सल्ला द्यायला आले. ते निवृत्त बँक अधिकारी. आयुष्यभर लोकांना कर्ज का मिळणार नाही हे समजावून सांगण्यात गेलेलं.

"पाण्याचं मशीन घेऊ नका, शेवाळ धरतं. पंख्याचं घेऊ नका, सर्दी होते. चुंबकाचं तर मुळीच नको, घरातली घड्याळं बंद पडतात."

"मग कोणतं घेऊ?"

"घ्या की कोणतंही. चांगलं बघून."

आता सोसायटीचा नियम असा होता की तीस किलोंच्या वरची वस्तू घरात आणायची तर 'जड वस्तू अर्ज' भरावा लागे. सेक्रेटरींचं कार्यालय म्हणजे जिन्याखाली एक टेबल, वेळ सहा ते सात. सर अर्ज घेऊन गेले. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला.

"सगळं ठीक आहे सर. फक्त खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाचं ना-हरकत पत्र जोडा."

"खालच्या मजल्यावर तुम्हीच राहता."

"हो."

"मग आत्ताच द्या की."

"आत्ता मी सेक्रेटरी म्हणून बसलोय," सेक्रेटरी खेदानं म्हणाले. "रहिवासी म्हणून मी सातनंतर घरी असतो."

सर सातला दहा मिनिटं असताना वर गेले, सात वाजून पाच मिनिटांनी खाली आले आणि चार पावलांवरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते रहिवाशानं, बनियनमध्ये.

"या सर, या! काय काम काढलंत?"

सरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. रहिवाशानं ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

"माझी काही हरकत नाही. पण आवाज किती होतो? एकदा ऐकवा."

"मशीन घरात आणल्याशिवाय कसा ऐकवणार?"

"आणि परवानगीशिवाय मशीन कसं आणणार!" रहिवासी खरोखरच विचारात पडले. "अडचणच आहे हो. सेक्रेटरी ऐकणार नाही."

तेव्हा सरांनी, एका सुशिक्षित माणसानं दुसऱ्याच्या दारात करू नये असं काम केलं. वर्गात मुलांना काही समजेनासं झालं की सर घड्याळाचा लंबक व्हायचे, आगगाडी व्हायचे. त्याच सवयीनं ते उंबऱ्यावर रोइंग मशीन झाले. दोन्ही हात पुढे करून त्यांनी पंख्याचं मशीन करून दाखवलं: "घुर्रर्र... हुप्! घुर्रर्र... हुप्!" मग पाण्याचं: "सळळ... खळ्! सळळ... खळ्!" मग चुंबकाचं; त्याचा आवाज नसतो म्हणून नुसतेच हात. आतून सेक्रेटरींच्या बायकोनं विचारलं, "कोण आलंय? काय विकतायत?"

पत्र मिळालं नाही. 'आवाजाबाबत खात्री होईपर्यंत निर्णय राखून ठेवला आहे' एवढा शेरा मिळाला.

पण यातून एक झालं. मशीन आणायच्या आधी निवडायला तर हवं, असं म्हणून दुसऱ्या दिवशी सर बाजारातल्या व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे चार प्रकारची मशीनं होती. मुलांनो, असं सर वर्गात असते तर म्हणाले असते, नीट बघा: चारही मशीनांत माणूस तेच करतो, म्हणजे पायानं रेटतो आणि हातानं ओढतो. फरक इतकाच की ओढताना विरोध कोण करतं. पंख्याच्या मशीनमध्ये हवा, पाण्याच्या मशीनमध्ये टाकीतलं पाणी, चुंबकाच्यात चुंबक, आणि चौथं छोटं मशीन होतं त्यात सायकलच्या पंपासारखा दट्ट्या. हे चौथं दुकानाच्या पार मागच्या कोपऱ्यात, धूळ खात उभं होतं.

"बसून बघा सर," दुकानदार म्हणाला. तो तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. "दोन मिनिटांत कळेल कोणतं हवं ते."

"दोन मिनिटांत?" सरांना धक्काच बसला. एका पेपरावरून कुणाची पारख करायची नाही, हे तत्त्व त्यांनी छत्तीस वर्षं पाळलं होतं. मूल एखाद्या दिवशी घाबरलेलं असतं, एखाद्या दिवशी पोट दुखत असतं. ते मशीनलाही लागू नसेल कशावरून? दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते चौकटींच्या कागदावर आखलेलं वेळापत्रक घेऊन हजर झाले. प्रत्येक मशीनच्या दोन घटक चाचण्या, एक सहामाही, एक वार्षिक. विषय पाच: बैठक, आवाज, पकड, पायाचे पट्टे आणि वर्तणूक.

दुकानदारानं कागद बघितला. सकाळी अकरा ते बारा त्याच्या दुकानात चिटपाखरूही नसायचं. "या की रोज," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी सरांना चार मिनिटांत तोंडाला फेस आला. तिसऱ्या दिवशी सहा मिनिटं. पण परीक्षकानं पेपर अर्धवट सोडून उठायचं नसतं, म्हणून ते रेटत राहिले. पाय, पाठ, हात. येताना हात, पाठ, पाय. पंख्याचं मशीन हुशार पण वाचाळ निघालं. चुंबकाचं शांत, वर्गात आहे की नाही तेही कळू नये असं. पाण्याचं सर्वगुणसंपन्न; पहिल्या नंबराला तेच लायक होतं, पण त्याच्यावर दहा मिनिटं बसलं की तो खळखळाट ऐकून सरांना बाथरूमची आठवण व्हायची आणि दुकानात ती सोय नव्हती. दोनदा त्यांना शेजारच्या लाँड्रीवाल्याकडे विनंती करावी लागली. वर्तणुकीचे तीन गुण कापले.

आणि दट्ट्याचं मशीन ढ होतं. बैठक करकरायची, मधेच अडकायची. उजवा हात ओढला जायचा आणि डावा रुसून बसायचा. शंभरपैकी सव्वीस. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथेच फुली मारली असती. पण सरांच्या वर्गात कच्च्या मुलाला कधी सोडून दिलेलं नव्हतं. उलट त्याला जादा वेळ मिळायचा. त्यांनी दट्ट्याच्या मशीनची शिकवणी सुरू केली. इतरांना दहा मिनिटं, याला पंचवीस. घरून काकूंच्या शिलाई मशीनचं तेल आणून बैठकीला घातलं.

"बिचाऱ्याला कोपऱ्यात कशाला टाकलंय?" ते दुकानदाराला रागावले. "मागे बसवलं की मूल मागेच राहतं. पुढे आणा त्याला. उजेडात."

दुकानदारानं ते पुढे आणलं. अगदी पुढे, काचेजवळ. वर पंखाही लावून दिला. "एवढा समजूतदार दुकानदार मी पाहिला नाही," सर घरी म्हणाले. त्या ढ मशीनमध्ये सगळ्यांत जास्त ताकद लागायची, हे त्यांनी गुणांच्या तक्त्यात दोष म्हणून लिहिलं.

इकडे तारखा पुढे सरकत होत्या. अर्ज राखून ठेवलेलाच होता. सरांना आता झोप लागेना, कारण मशीन आल्याशिवाय दम वाढणार कसा आणि दम वाढल्याशिवाय तीस तारखेला वर जाणार कसं? शंकासुरानं तर सरळच विचारलं होतं, "सर, खोली गेली तर फळा कुठे नेणार? भिंत कशी काढणार?" महिनाभर वर्ग त्यांनी घरीच, फ्रिजच्या दारावर घेतला. तीस तारखेला मुलांना वरच बोलावलं होतं आणि त्या दिवसासाठी उरलासुरला दम राखून ठेवायचा होता. म्हणून वर जायचा प्रयत्नच त्यांनी केला नव्हता. रोज मशीनं तपासून थकलेला माणूस जिने कसा चढणार, असा त्यांचा हिशेब होता. गणिताच्या मास्तरांचंही गणित कधी कधी असं चुकतं.

तीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास बँकवाले जिन्यात भेटले.

"सर, काल काय झकास दिसत होतात! पाटीही छान आहे."

"कसली पाटी?"

"ती काचेतली. तुमच्या शेजारची."

सर तसेच दुकानात गेले, पण या वेळी आत न शिरता रस्त्यावरून बघितलं. काचेत दट्ट्याचं मशीन होतं आणि शेजारी एक मोठी पाटी. आतून तिची फक्त कोरी पाठ दिसायची, त्यामुळे इतके दिवस सरांना ती जाहिरातीचा पुठ्ठा वाटली होती. पुढच्या बाजूला लिहिलं होतं: "वय ६४. रोज ११ ते १२. आजोबा करतात, तुम्ही?"

सरांचे कान तापले. छत्तीस वर्षं ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा, तो माणूस तीन आठवडे बाजारपेठेत काचेमागे हाफपँटमध्ये वल्ही मारत होता, आणि शेजारी त्याचं वय लिहिलेलं होतं.

"मी काय दुकानातला पुतळा आहे का हो?" त्यांनी आत जाऊन विचारलं.

दुकानदाराचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलं सर. विचारायला हवं होतं. पण तुम्हाला बघून लोक थांबायला लागले. गेल्या दोन आठवड्यांत सात मशीनं गेली."

सर थोडे विरघळले. "सात? पाण्याची का?"

"नाही. सातही दट्ट्याची."

"काय?" सर ओरडले. "अहो, ते नापास झालंय!"

"पण तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यावरच बसता ना. लोक म्हणाले, म्हातारा माणूस चार मशीनं बघून शेवटी याच्यावरच बसतो, म्हणजे हेच उत्तम."

अपमान सरांनी गिळला असता. पण आपल्या हातून चुकीचा निकाल लागला, आपल्यामुळे सात घरांत एक ढ मशीन पहिल्या नंबरानं गेलं, हे त्यांना सहन होईना. ते तरातरा घरी निघाले. पाच वाजायला पाच मिनिटं होती आणि जिन्याखाली सेक्रेटरी उभे होते; हातात किल्ल्यांचा जुडगा, काखेत रजिस्टर आणि पायाशी नमुन्यादाखल एक रंगाचा डबा.

"सर, पाहणीची वेळ झाली. तुम्हाला वर यायला जमणार नसेल तर तसं लिहून..."

"पाहणी राहू द्या हो!" सर डबा ओलांडून जिना चढायला लागले. "या, चालता चालता सांगतो. आज माझ्याकडून मोठा अन्याय झालाय. सात जणांवर!"

सेक्रेटरी घाबरून मागोमाग निघाले. सर सांगत होते. पहिल्या मजल्यावर त्यांनी घटक चाचणी समजावली. दुसऱ्यावर पाण्याच्या मशीनचे गुण विषयवार सांगितले. तिसऱ्या मजल्यावर ते दट्ट्याच्या करकरीवर आले आणि बोलता बोलता हातवारे करत मीटरांसमोरून निघून गेले. "सव्वीस गुण, सेक्रेटरीसाहेब! सव्वीस! आणखी तेल घालून पस्तीस झाले असते, मी नाही म्हणत नाही. पण म्हणून काय त्याला पहिला नंबर द्यायचा? सांगा ना. अहो, सांगा!"

सरांनी वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. समोर गच्चीच्या खोलीचं दार होतं, दारात अकरा मुलं होती आणि शंकासुर सरांकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एकही शंका नव्हती.

"सर, तुम्ही आलात," ती म्हणाली.

सरांनी छातीला हात लावून बघितला. छाती आपलं काम निमूट करत होती. बहात्तर पायऱ्या कधी संपल्या ते त्यांना कळलंच नव्हतं.

मग जिन्यातून आवाज आला. मुलं धावली. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी एका हातानं कठडा धरून उभे होते आणि विजेचे मीटर वाचत होते.

मुलांनी त्यांना हळूहळू वर आणलं, मागच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. सेक्रेटरी कितीतरी वेळ नुसते श्वास घेत बसले. समोर काळ्या भिंतीवर महिन्यापूर्वीचा अर्धवट अपूर्णांक तसाच होता, आणि त्याच्या खाली लहान अक्षरांत कुणीतरी 'पुसू नये, सर येणार आहेत' असं लिहिलेलं. सेक्रेटरींनी ते वाचलं. मग रजिस्टर उघडलं, आणि लिहिलं: 'वर्ग भरतो. खोली मुलांकडे राहावी. डब्यांची अन्य व्यवस्था पाहावी.'

"वहिनी काय म्हणतील?" सरांनी हळूच विचारलं.

"बोलतील," सेक्रेटरी म्हणाले. "पण सर, मला वेगळंच सांगायचंय. ते सात जण." त्यांनी मुलांकडे बघून आवाज खाली आणला. "त्यातला एक मी आहे."

"तुम्ही?"

"रोज बाजारातून येताना तुम्हाला काचेत बघायचो. मनात आलं, एवढा म्हातारा... म्हणजे, एवढी वडीलधारी व्यक्ती करते. मग घेतलं. पहिल्याच दिवशी बैठक अडकली. आता टॉवेल वाळत घालतो त्याच्यावर."

"आणि जड वस्तू अर्ज?"

सेक्रेटरी लाल झाले. दमामुळे आधीच लाल होते, त्यामुळे फार फरक दिसला नाही. "सत्तावीस किलो आहे ते. अर्ज लागत नाही. तरी रात्री झाकून आणलं."

सर हसले नाहीत. मुलगा चूक कबूल करतो तेव्हा हसायचं नसतं. त्यांनी खिशातून खडू काढला, फळ्याकडे गेले, पुन्हा परत आले.

"अडकत नाही ते, साहेब. तुम्ही सुरुवात हातानं करत असणार. आधी पाय, मग पाठ, मग हात. उद्या अकरा वाजता मी खाली येतो. शिलाई मशीनचं तेल घेऊन येईन."

"रोज याल?"

"तुम्हाला जमेपर्यंत. मीही बसेन मधे मधे."

"सर," शंकासुरानं हात वर केला, "आज वर्ग आहे की नाही?"

"आहे, आहे," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. सेक्रेटरी उठायला लागले, पण पायांनी नकार दिला. तेव्हा शेजारच्या मुलानं आपली वही त्यांच्यापुढे मधोमध सरकवली आणि पेन्सिलीनं दाखवलं, छेद हा खाली असतो.